समुद्राकडे बघायचं नाही

अप्पा,

परवा रविवारी सकाळी उत्तंडीच्या एका नारळाच्या बागेत बरीच माणसं जमली होती आणि सगळी तुमच्याबद्दल चांगलं बोलत होती. मला ते उभं राहून ऐकावं लागलं. तुमचा तो खाकी शर्टातला फोटो कुणीतरी मोठा करून आणला होता, त्याला जास्वंदीचा हार घातला होता आणि भोवती महागड्या सायकली टेकून ठेवल्या होत्या. तुमच्याकडे शर्यतीची सायकल शिकलेल्या जुन्या विद्यार्थिनी होत्या, त्यांच्या मुली होत्या, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसांतली तरुण मंडळी होती, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नाही. तुमच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून महाबलिपुरमच्या पुढपर्यंत सायकलने जायचं ठरलं होतं. मला फोनवर सांगितलं होतं, "अक्का, निघायच्या आधी तुम्ही दोन शब्द बोला." एक म्हातारे गृहस्थ माझा हात धरून म्हणाले, "गिंडीच्या कारखान्यातला साधा फोरमन, तंजावरी मराठी घरातला माणूस, आणि त्या काळात स्वतःच्या मुलीला रेसच्या सायकलवर बसवतो! केवढं नशीब तुझं." मी हसले. तुमच्याबद्दल असं कुणी बोललं की कसं हसायचं, याची मला सवय आहे.

माझं नशीब मी सांगते. पहाटे तुम्ही दिवा लावायचा आणि माझ्या अंगावरची चादर ओढायची. अडयारच्या घरून निघालो की मी पुढे सायकलवर, तुम्ही मागे स्कूटरवर. तेव्हा तो किनाऱ्याचा रस्ता अरुंद होता. नीलांकरै मागे पडलं की घरं संपायची, मग दोन्ही बाजूंना वाळूचा माळ, काटेरी झुडपं, मधूनच ताडाची झाडं, पुढे सुरूची बनं. माळावर बकऱ्या सोडून एखादी बाई डोक्यावर पदर घेऊन बसलेली असायची. जाताना डाव्या हाताला समुद्र. मला तो फक्त ऐकू यायचा, कारण मान वळवली की मागून तुमची शिट्टी वाजायची. "समुद्राकडे काय बघतीस गे? रस्ता बघ. पायडल मार." पाण्याची बाटली तुमच्या स्कूटरला लटकलेली असायची. कोवळम आल्याशिवाय मला घोट मिळायचा नाही, आणि मी मंदावले असेन तर कोवळमलाही नाही. तुम्ही माझ्यासमोर बाटलीचं झाकण उघडून स्वतः प्यायचात. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. लोकांना तुमची शिट्टी आठवते, ती मजेने आठवते. एकाने परवा तोंडाने वाजवून दाखवली, सगळे हसले, आणि माझी मान आपोआप सरळ झाली.

मी पडले तो दिवस तुम्हाला आठवत असणार. मिठागरांजवळच्या वळणावर वाऱ्याने वाळू रस्त्यावर आली होती. पुढचं चाक सरकलं आणि मी खांद्यावर आपटले. तुम्ही स्कूटर उभी केलीत, माझ्यावरून पाय टाकून पलीकडे गेलात आणि सायकल उचललीत. चाक फिरवून पाहिलंत. ब्रेक पाहिलेत. मी तशीच पडून आहे, तोंडात वाळू, उजवा हात हलत नाही. "चाक ठीक आहे," तुम्ही म्हणता. "ऊठ." आणि मी उठले, अप्पा. एका हाताने सायकल चालवत घरी आले, तुम्ही मागे स्कूटरवर. स्वयंपाकघरात अम्मा इडलीचं पीठ ढवळत होती. तिने माझा लोंबता खांदा पाहिला आणि पातेलं तसंच टाकून उठली. आयुष्यात पहिल्यांदाच ती तुमच्यावर ओरडली. "ही पोर आहे की तुमच्या कारखान्यातलं यंत्र?" तुम्ही पायांतली वाळू झटकत म्हणालात, "हाड जुळतं. सवय मोडली की जुळत नाही." मग आंघोळीला गेलात. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. अम्माच मला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेली.

हाड जुळलं. पण राज्याच्या निवड चाचणीत मी मागे पडले, आणि त्या संध्याकाळपासून तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत. रागावलाही नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तर अम्माला सांगायचात, तिने माझ्यापुढचं मीठ उचलून तुम्हाला द्यायचं. काही महिन्यांनी मी कॉलेजातून घरी आले तर जिन्याखाली सायकल नव्हती. तुम्ही ती तुमच्याकडे शिकायला आलेल्या एका नव्या मुलीला देऊन टाकली होती. मी विचारलं तेव्हा तुम्ही पेपरातून मानही वर न करता म्हणालात, "तुला काय करायचीय आता?" तुम्ही माझ्याशी पुन्हा बोललात ते एवढंच, आणि त्यानंतरही विशेष काही नाही. मी नोकरीला लागले, लग्न केलं, नुंगंबाक्कमला राहायला गेले. दिवाळीला नमस्कार करायला यायचे, तुम्ही डोक्यावर हात ठेवायचात आणि बाहेर निघून जायचात. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही. मनाची एक समजूत घातली होती. या माणसाच्या अंगात मायाच नाही, जी नाही ती तो देणार कुठून? आंधळ्याला कुणी बघत का नाहीस म्हणून विचारतं का? त्या समजुतीवर मी इतकी वर्षं काढली. चाळिशी उलटल्यावर स्वतःसाठी सायकल घेतली आणि त्याच रस्त्याने जाऊ लागले. वाटेल तिथे थांबते, वाटेल तेव्हा पाणी पिते.

परवा ती समजूत तुम्ही मोडलीत. मेल्यावरसुद्धा तुम्हाला स्वस्थ बसवत नाही.

ज्या मुलीला तुम्ही माझी सायकल दिलीत ती आता पन्नाशीला आली आहे. पुढे बऱ्याच शर्यती जिंकली, हे मला माहीत होतं. ती बोलायला उभी राहिली. तमिळमध्येच बोलली, मी इथे आपल्या भाषेत लिहिते. म्हणाली, सार, म्हणजे सर, रोज आमच्यासाठी ताक आणायचे, आलं आणि कढीपत्ता घातलेलं. म्हणाली, एकदा मी पडले तर सारांनी सायकल तिथेच टाकली, मला उचलून सुरूच्या सावलीत बसवलं, आणि म्हणाले, घाई नाही, जरा वेळ समुद्र बघ. लोक "आहा" म्हणाले. मग ती माझ्याकडे वळली. "अक्का, मी सायकल सोडणार होते तेव्हा सार काय म्हणाले सांगू? म्हणाले, एका मुलीला मी ओरडून ओरडून सायकलवरून उतरवलं, ती माझीच. तुझ्या बाबतीत मी ती चूक करणार नाही." तिचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, ती मला काहीतरी मौल्यवान देते आहे. सगळे माझ्याकडे वळले. आता मी रडेन, तुमच्या फोटोला नमस्कार करीन, अशी वाट बघत राहिले. मी माइक घेतला आणि म्हणाले, "तुम्ही सांगताय ते गृहस्थ मला कधी भेटले नाहीत. ऊन वाढायच्या आत निघू या." कुणीतरी उगाच टाळी वाजवली आणि अर्ध्यात थांबवली.

ती सायकल चालवत माझ्या शेजारी आली. महाबलिपुरम मागे पडलं, गाड्या कमी झाल्या. पुढचा माळ तुम्हाला ठाऊक आहे, बुटकी झुडपं, वाळूवर पसरलेली मर्यादवेल, तिची जांभळी फुलं, आणि चाकांखालच्या डांबराशिवाय कसलाच आवाज नाही. मी तिला विचारलं, "हे त्यांनी मला का सांगितलं नाही?"

ती जरा घुटमळली. "मी विचारलं होतं, अक्का. सार म्हणाले, ती आता ऐकणार नाही."

"मला विचारलं होतं का त्यांनी?"

तिने गिअर बदलला आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. माया होती, ताक होतं, सावली होती, शब्दही होते. ते सगळं तुम्ही दुसऱ्याच्या मुलीपुढे मांडलंत आणि त्याच शहरात बसने तासाभराच्या अंतरावर मी होते. दर दिवाळीला तुमच्यापुढे वाकत होते. त्या डोक्यावर ठेवलेल्या हाताबरोबर एक वाक्य यायला काय हरकत होती? मी ऐकलं नसतं, असं होऊ शकतं. कदाचित दार आपटून निघून गेले असते. पण ऐकायचं की नाही, हे ठरवायचा हक्क माझा होता आणि तोही तुम्ही माझ्यापासून काढून घेतलात, सायकल काढून घेतलीत तसाच, मला न विचारता. तुम्ही दुष्ट असतात तर मला परवडलं असतं. तुम्ही सुधारलात, आणि त्या सुधारण्याचा उपयोग माझ्याखेरीज सगळ्यांना झाला. पश्चात्ताप झालेला माणूस म्हणून तुमचा फोटो हारात आहे, आणि मी अजून मिठागरांच्या वळणावर सायकलचा वेग कमी करते.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, घाटावर पाण्यात सोडणार नाही, तुमच्या फोटोमागे ठेवणार नाही. कपाटातल्या साड्यांखाली पडून राहील आणि माझ्यामागे कुणीतरी रद्दीत देईल. तुमच्यासाठी तेवढं पुरे.

आणि एक. परतताना मुट्टुकाडूचा पूल लागला. आपल्या या सपाट रस्त्याला चढ म्हणून तेवढाच. तिचा गुडघा दुखत होता, तिने मला आधीच सांगितलं होतं, "अक्का, पुलावर जरा हळू." मी हो म्हणाले होते. चढ सुरू झाला तशी मी सीटवरून उठले, जोर लावला, आणि तिला मागे टाकून एकटीच वर पोचले. तिने माझं काही वाईट केलेलं नाही. तरी मला फार बरं वाटलं.