कुंकू कोणी लावलं?

प्रिय प्राप्ती,

फोनवर तू रडायला लागलीस की मला काही ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की तुला राग येतो. म्हणून लिहायला बसले. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, चालवून घे.

इकडे सुपारी यंदा बरी धरली आहे. तुझ्या गणराजकाकाने बोर्ली पंचतनच्या बाजारातून मिक्सर आणला, तो पहिल्याच वाटणाला धूर सोडून बसला. सुचिताकाकू म्हणते, आईंनी खोबरं जास्त घातलं. मी म्हटलं, खोबऱ्याला घाबरतो तर त्याला देवळात नेऊन बसव.

आता तुझं. मे महिन्यात पळीपापड्या घालताना तू मला तुझं काम सांगितलंस. पापड्यांसारखेच काचेवर रांगेने बारीक ठिपके, प्रत्येकात प्रथिनाचा वेगळा तुकडा. त्यांवर आजारी माणसाच्या पेशींचा अर्क सोडायचा. त्यात किनेज नावाची मंडळी असतात, ती काही ठिपक्यांना खूण लावतात, आणि खूण लागलेले ठिपके चमकतात. मी म्हटलं, म्हणजे आपल्याकडे लग्नाचं आवतण करत फिरणाऱ्या बाया. जिच्या कपाळाला कुंकू लावलं, ती उठून लग्नघरी कामाला येणार. तू हसून लोळलीस. म्हणालीस, आजी, अगदी तेच, आणि कॅन्सरमध्ये एखादी बाई थांबतच नाही, गावभर कुंकू लावत सुटते. तुझं सॉफ्टवेअर म्हणे नुसती कपाळं बघून लावणारी कोण ते ओळखतं, म्हणजे औषध नेमकं तिच्यावरच सोडता येतं.

मग गणराजच्या साहिलचं लग्न आठव. आपल्याकडून रतन आणि गोदू, दोघी आवतणाला फिरल्या. वरच्या आळीतली जनी, जिच्याशी आपलं विहिरीवरून बोलणं बंद होतं, ती कपाळभर कुंकू मिरवत थेट चुलीपाशी हजर. वर विळी मागते! सुचिता तडक रतनवर घसरली, तूच गं, दिसेल त्या दारात शिरलीस. रतन म्हणाली, न्हाय गं बाय, मी न्हाय. पण ऐकतंय कोण? ती रुसून गेली ती हळदीलाही आली नाही. नंतर कळलं, जनीकडे गोदू गेली होती. कपाळावर लावणारीचं नाव थोडंच लिहिलेलं असतं? जनीच्या हातचं वाटण खाल्ल्यापासून तिच्याशी आपलं बोलणं सुरू झालं, पण रतन अजून सुचिताला बघून तोंड फिरवते.

तुझं सॉफ्टवेअर आमच्या सुचितापेक्षा शहाणं आहे. एकाच ठिपक्यावर दोघींचा हात असू शकतो, तेव्हा ते दोघींची नावं घेतं आणि पुढे ‘खात्री नाही’ असं लिहितं. दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर छाती ठोकून एकच नाव सांगतं. आणि तुझे साहेब म्हणाले, लोकांना एकच नाव हवं असतं, सोमवारी पाहुण्यांपुढे दाखवायच्या आधी ती ओळ काढून टाक. तू फोनवर रडत म्हणालीस, काढते आजी, कोण भांडत बसणार. अगं, तू आमच्याच घरातली ना? भांडायला कधीपासून लाजायला लागलीस?

ओळ काढू नकोस. का ते सांगते, पण बोंब ठोकायची नाही. श्रावणात मी डोळे दाखवायला पनवेलला गेले होते ना, ते डोळे नव्हते. छातीत गाठ होती, ती काढली. गणराजला शपथ घालून गप्प बसवलंय, त्याला ओरडू नकोस. मी ठणठणीत आहे, कालच नारळ सोलले. तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली, आजी, ही कशाने वाढली ते नक्की सांगता येत नाही, औषध देऊ आणि बघत राहू. एवढ्या डॉक्टरांत मला तीच पटली. मग तिने विचारलं, काढलेला तुकडा संशोधनाला देऊ का? मी म्हटलं, दे की, घरी नेऊन काय लोणचं घालू? तुकड्यावर नाव नसतं म्हणे. फिरत फिरत तो कोणाच्या तरी काचेवर जाईल, कदाचित तुझ्याही. तेव्हा सोमवारी ती ओळ राहू दे. माझ्या कपाळाचं कुंकू कोणी लावलं ते ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही म्हणा. उगाच बिचाऱ्या रतनवर औषध ओतू नका.

तुझीच, एका गाठीने हलकी झालेली,
आजी