लेबलांची शाई आणि तीन ज्ञापने

प्रति,
मा. कार्यवाह,
शारदासेवक मराठी ग्रंथसंग्रह,
धारवाड.

विषय : ग्रंथपाल कै. बाळकृष्ण सदाशिव निपाणीकर यांना दिलेली ज्ञापने लेखी मागे घेण्याबाबत.

संदर्भ : आपली ज्ञापने दि. १२ जून, २१ जुलै व २६ ऑगस्ट २००३.

महोदय,

१. बाळकृष्ण निपाणीकर हे माझे वडील, आमचे अप्पा. दि. ९ ऑगस्ट रोजी हृदयविकाराने ते गेले. आपल्या संस्थेत त्यांनी एकतीस वर्षे काम केले. त्यांतले शेवटचे दोन महिने खुलासे लिहिण्यात गेले.

२. पुस्तकांची लेबले काळ्या अक्षरांची असताना महिन्यात रंगीत शाईची तीन कार्ट्रिजे कशी संपली, शाई बाहेर जाते काय, अशी विचारणा पहिल्या ज्ञापनात होती. अप्पांनी ज्ञापन खिशात घालून सुभाष रोडवर प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या गुरुराज यांना गाठले. ते म्हणाले, "अप्पा, पानावर एक लाल रेघ असली तरी हे मशीन काळं अक्षरसुद्धा तीन रंग कालवूनच काढतंय. फक्त काळी शाई घे, असं त्याला दर वेळी सांगाया लागतंय." ती लाल रेघ संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्याच ठरावाने आली होती. घरी न देण्याच्या संदर्भग्रंथांची ती खूण. चोवीस लेबलांच्या पानात जेमतेम दोनांवर. हे सारे अप्पांच्या ३० जूनच्या खुलाशात आहे. तो आपण वाचला नसावा. वाचला असता, तर त्यानंतर भर वाचनकक्षात "काय निपाणीकर, रंगपंचमीची तयारी आत्तापासूनच?" असे विचारले नसते. अप्पांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही. तेराव्याला आलेल्या एका वाचकाकडून ती आम्हाला कळली.

३. तरीही अप्पांनी उपाय काढला. लेबलावरची रेघ गाळली, प्रिंटर फक्त काळ्या शाईवर ठेवला आणि संदर्भग्रंथांच्या लेबलांवर आईच्या लाल टिकल्या लावल्या. आईने त्या आपण होऊन दिल्या आणि शेजारी बसून चारशेवर लेबलांना लावूही लागली. रंगीत शाई लागणे बंद झाले. त्यावर २१ जुलैचे ज्ञापन आले : "स्त्रियांची प्रसाधने चिकटवून ग्रंथ विद्रूप केल्याबद्दल कारवाई का करू नये?" शाई लागली तेव्हा चोरीचा संशय, वाचली तेव्हा विद्रूपीकरण. तिसरी कोणती रीत मंडळाला मान्य झाली असती, ते कृपया कळवावे. अप्पा तीच शोधत होते.

४. ९ ऑगस्टला आपण स्वतः स्मशानात आला होतात. माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून "संस्थेचा आधार गेला" म्हणालात. २८ तारखेला टपालाने अप्पांच्या नावाचे पाकीट आले. पोच म्हणून आईने सही केली. आत २६ ऑगस्टचे ज्ञापन होते : दुसऱ्या ज्ञापनाचे उत्तर न देता कामावर गैरहजर असल्याबद्दल सात दिवसांत समक्ष हजर राहावे. त्याच पाकिटात रविवार, ७ सप्टेंबरच्या शोकसभेची निमंत्रणपत्रिकाही होती. दोन्ही कागदांवर सही आपलीच आहे.

५. आम्हाला संस्थेकडून दुसरे काही नको. तिन्ही ज्ञापने चुकीची होती असे लेखी कळवावे, आणि ते पत्र अप्पांच्या सेवापुस्तकात ३० जूनच्या खुलाशाशेजारी लावावे. सभेसाठी आपण अप्पांचा फोटो मागितला आहे. तो आपले ते पत्र मिळाल्यावर देऊ, आधी नाही.

६. पत्र न देता सभा घेण्याचे ठरल्यास आपल्या भाषणानंतर मला पाच मिनिटे मिळावीत. मी अप्पांच्या आठवणी सांगणार नाही. तिन्ही ज्ञापने तारीखवार वाचून दाखवीन आणि खाली बसेन.

एकतीस वर्षे आपणांस 'नम्र' लिहीत आलेल्या माणसाची मुलगी,

निवेदिता बाळकृष्ण निपाणीकर
केलगेरी रोड, धारवाड
दि. २ सप्टेंबर २००३

सोबत : तिन्ही ज्ञापनांच्या प्रती, ३० जूनच्या खुलाशाची प्रत, मृत्यूचा दाखला.