संग्रामच्या ऑफिसातली हवा

अल कुसैस, दुबई, जानेवारी १९९९

बाळ संग्राम,

शाळेत गुरुजी टेबलावर पट्टी आपटत आमच्याकडून कविता म्हणवून घ्यायचे. तोच ठेका आज तुझ्या ऑफिसात घुमतोय. मी टेबल बडवतोय आणि सुदानी पोरं वाऱ्यावरची मराठी कविता म्हणतायत!

रागावू नकोस, सांगतो. तांब्यासाठी वायरी जाळायच्या तुझ्या भट्टीच्या धुराबद्दल आपल्या बिल्डिंगने कुरकुर केली, तेव्हा तू ती सुदानी लोकांच्या खिडक्यांखाली हलवलीस. म्हणालास, "काका, ते काळे लोक, त्यांना सवय असते."

सवय कसली रे! तिथल्या आमनाबाईंच्या धाकटीला दम लागतो. तू मुंबईला गेलास आणि बाईंनी युक्ती काढली. भट्टी पेटली, की त्यांची अख्खी बिल्डिंग पोराबाळांसह तुझ्या एसीत येऊन बसते. आल्याची कॉफीसुद्धा त्याच आणतात. रिसेप्शनवरच्या स्मिताने हटकलं, तर म्हणाल्या, "तुम धुआँ बंद करो, हम भी खलास, चला जाएगा. तब तक इधर का हवा अच्छा है." स्मिता हसत आणखी खुर्च्या आणायला गेली.

या वयात पुन्हा शाळेत गेल्यासारखा मी खूश आहे. पण ती पोर आपल्या घरी सुखाने झोपायला हवी. भट्टी बंद कर. फोनवर तू "काका, नंतर" म्हणतोस, म्हणून लिहितोय.

तुझा,
भानूकाका

ता. क. पाकीट चिकटवणार, तोच दार उघडलं. बॅग घेऊन तूच! आमनाबाई सरकून म्हणाल्या, "आओ, बैठो." तू टेकलास, शेजारी धाकटीचा घरघरता श्वास ऐकलास, आणि हातातली कॉफी तशीच ठेवून भट्टीकडे निघालायस.