आता ही चहा आणंल

प्रिय मेघा,

आठव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. ड्रम भरला, हंडे भरले, पाइप बादलीत सोडून मी धुणं भिजवत होते, तेव्हा तुझा फोन आला. नव्या मालिकेत पुन्हा कामवालीचाच रोल मिळाला म्हणालीस. या वेळी नाव तेवढं चतुरा. मी हसले. तू हसली नाहीस. बादली भरून वाहत राहिली तरी मला नळ बंद करायचं सुचलं नाही.

सहा मालिकांत तू सहा कामवाल्या झालीस. ट्रे घेऊन यायचं, 'व्हय जी बाईसाएब' म्हणायचं आणि जायचं. आपल्याकडं व्हय म्हणतात, त्याला जी कोण जोडतं? तू दिग्दर्शकाला हे सांगितलंस तर तो म्हणाला, लोकांना असंच गावठी लागतं, आणि तुझा चेहरा काही डॉक्टरणीचा नाही. वीस वर्षं मी लोकांची धुणीभांडी केली आणि विहारातल्या वाचनालयात अक्षराला अक्षर जुळवत वाचायला शिकले. फरशी पुसताना बाईच्या डोक्यात काय काय चाललेलं असतं, हे त्याला कुठून कळावं?

तुझे बाबा गेल्यापासून घरात मी एकटी. म्हणून मीच तुझ्या मागं लागले, परत ये. बाबांचे मित्र धम्मपालकाका, त्यांनी वाळूजच्या कंपनीत तुझ्यासाठी जागा धरून ठेवली. तू म्हणालीस, सध्या करतेय त्या नाटकाचा आपल्या गावातला प्रयोग झाला की येते, मग नाटक बंद.

प्रयोगाला शेजारच्या भागूबाईला सोबत नेलं. तू रंगमंचावर आलीस तशी ती कानाशी लागली, "आता ही चहा आणंल बघ." तू सरळ मधल्या उंच खुर्चीवर जाऊन बसलीस. चहा तुझ्यासाठी आला. "अगं बया, जज हाय व्हय ही!" भागूबाई एवढ्या मोठ्यानं बोलली की पुढच्या रांगेनं मागं वळून पाहिलं. मग ती म्हातारी साक्षीदार थरथरत उभी राहिली. तू चष्मा काढलास आणि म्हणालीस, "मावशी, बसून बोला. घाई नाय." आपलं 'नाय', मेघा, न्यायाधीशाच्या तोंडी! कुणी हसलं नाही. तुला मी न्हाऊ घातलंय, तुझ्या उवा काढल्यात. त्या घटकेला मात्र तू माझी लेक आहेस हेच विसरले. मला तुझा धाक वाटला. तू निकाल वाचायला घेतलास तशी मी पदर सावरून ताठ बसले.

पडदा पडल्यावर मी आत आले नाही, भागूबाईला रिक्षात घालून निघून गेले. तू मला शोधत होतीस म्हणे. रागावू नकोस. आत आले असते तर तोंडातून 'चल घरी' निघालं असतं, आणि माझ्या शब्दाखातर तू आलीही असतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसनं वाळूजला धम्मपालकाकांकडं गेले आणि सांगितलं, ती जागा दुसऱ्या कुणाला द्या.

तुझा धाक वाटणारी, तुझीच
आई