बाईंचे बारा मंगळवार

३ मार्च, सकाळ
नवी वही. पीएचडीचं पाचवं वर्ष, पण खऱ्या अर्थाने पहिलंच समजायचं. विषय: नृत्यशिक्षकांच्या प्रशिक्षणात सेन्सरने पदन्यासाचं मूल्यमापन. पावलं नीट पडतात की नाही, ते मशीन सांगणार. असं अजून कोणी केलेलं नाही. (बायको म्हणते, तूही नाही.) डेटा मात्र हातात आहे! आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या नृत्याच्या बाई माझ्यासाठी बारा मंगळवार दोन-दोन जिने चढून लॅबमध्ये आल्या, घोट्यांना पट्टे बांधून नाचल्या. तेही दुखऱ्या गुडघ्यासकट.

४ मार्च
पहिली फाइल उघडली. रिकामी. कॉम्प्युटर स्लो आहे.

४ मार्च, दुपार
बाराही रिकाम्या. बाराही मंगळवार मी मशीन 'चाचणी'वर ठेवून चालवलं. चाचणीत पडद्यावर काडीचा माणूस मस्त नाचतो, पण सेव्ह काही होत नाही. 'सेव्ह होत नाही' अशी लाल पट्टी पडद्यावर वरच्या बाजूला येते म्हणे. तिच्यावर मीच चिठ्ठी चिकटवली होती: 'मार्चअखेर थीसिस. म्हणजे थीसिस!'
बाईंना आजच सांगायचं.

५ मार्च
नाही सांगितलं. असल्या गोष्टी फोनवर बऱ्या दिसत नाहीत.

७ मार्च
गाइड मॅडमनी डेटा मागितला. म्हटलं, क्लीनिंग चालू आहे. अगदीच खोटं नको म्हणून टेबल पुसलं.

९ मार्च
बाईंचाच फोन. गुडघ्याचं ऑपरेशन वीस तारखेला. डॉक्टर म्हणाले, नंतर चालाल, पण नाच विसरा. आणखी एखादा मंगळवार लागेल का, असं बाईंनी आपणहून विचारलं. कळवतो म्हणालो.
अकरा दिवस आहेत. भरपूर! उद्या सरळ जाऊन पाय धरायचे. गुडघा सांभाळून.

१० मार्च
गेलो. दारापर्यंत. आतून पावलांचा आवाज येत होता. सरावात व्यत्यय नको म्हणून परत फिरलो.

१४ मार्च
डेटा बनवताही येतो की! आकडे टाकून बघितले. काडीचा माणूस बाईंसारखा नाचेना, पडायलाच लागला. सगळं पुसलं. आपण अजून प्रामाणिक आहोत, या विचाराने फार बरं वाटलं. चहा होईपर्यंत टिकलं.

१७ मार्च, मंगळवार
आज कंबर कसली. लॅब बुक केली, पट्टे चार्ज केले, मशीन 'रेकॉर्ड'वर ठेवलं, चारदा तपासलं. फक्त बाईंना बोलवायचं राहिलं. घसा खवखवतोय. ऑपरेशनच्या तोंडावर त्यांना माझी सर्दी लागली तर?
बायको म्हणाली, एवढ्या वेळात बाई दोनदा नाचून घरी गेल्या असत्या. तिला संशोधनातलं काही कळत नाही.

२० मार्च
ऑपरेशन छान झालं. आधी सुटल्यासारखं वाटलं, मग त्याचीच लाज वाटली.

२८ मार्च
सांगितलं एकदाचं. बाई पलंगावर, पाय उशीवर. मी रडलोच.
बाई म्हणाल्या, अहो, मला ठाऊक होतं. पंख्याने तुमची चिठ्ठी उडायची तेव्हा लाल पट्टी वाचली होती. मला वाटलं, सर तालीम घेतायत. तालमीचं कोण जपून ठेवतं? खऱ्या दिवसासाठी त्या घरी रोज सराव करत होत्या. नाचाचा पोशाख इस्त्री करून एकोणीस तारखेपर्यंत खुर्चीवर ठेवला होता. तुम्ही बोलवाल असं वाटत होतं, म्हणाल्या.
वर त्यांनीच माझी समजूत घातली. हात आहेत अजून, ते घ्या, म्हणाल्या. लॅबमधून मशीन आणि पट्टे घेऊन आलो, 'रेकॉर्ड'वर ठेवलं, पट्टे त्यांच्या मनगटांना बांधले. पलंगावर बसल्या-बसल्या सात मिनिटं. सेव्ह झालं.

३१ मार्च
गाइड मॅडमनी फाइल बघितली. म्हणाल्या, हात फार सुंदर आहेत, पण पावलं कुठायत?
म्हटलं, क्लीनिंग चालू आहे.
घरी येऊन टेबल पुसलं. बराच वेळ पुसत होतो.