मोटार कण्हते तेव्हा

ती. दादांना,

नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि वहिनींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. अक्षर तुमच्या बहिणीचं आहे म्हणून फसू नका, मजकूर माझाच आहे. (लेखनिकेने इथे नाक मुरडलं.)

अर्धांगवायूच्या झटक्यापासून माझा उजवा हात संपावर आहे, हे तुम्ही जाणताच. त्याला कामावर आणायला इस्पितळात एक रोबो ठेवलाय. माणसासारखा वगैरे नाही. नुसता लोखंडी हात, त्यात आपला हात पट्ट्यांनी बांधायचा आणि समोरच्या पडद्यावरचा पेला फळीवर ठेवायचा. आपला हात अडला की पुढे तो ढकलतो. सुरुवातीला माझे पेले असे भराभर चढले की मी दुकानात फोन करून कारागिरांना बजावलं, मालक येतायत, गप्पा आवरा. (खरंच केला होता.)

पण उभा जन्म पंपांच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळण्यात गेला, कान गप्प बसेना. यंत्राची मोटार कण्हत होती. चारचौघांत शोभा नको म्हणून मी व्यायाम घेणाऱ्या बाईंना हळूच सांगितलं, बाई, बेअरिंग गेलंय, माझा माणूस पाठवतो. त्यांनी यंत्र रिकामं चालवून दाखवलं. आवाज नाही! म्हणाल्या, "काका, बेअरिंग ठणठणीत आहे. तुम्ही हात टाकून बसता, ती बिचारी ओझं वाहते." म्हणजे व्यायाम यंत्राचा चालला होता! आयुष्यभर दुसऱ्यांकडून काम करून घेतलं, ती खोड जाते कुठे?

आता मी कान लावूनच बसतो. मोटार कण्हली की जोर लावतो, गप्प झाली की समजतो, हात माझा चाललाय. काल एक पेला तिने हूं की चूं न करता जाऊ दिला. डोळ्यांत पाणी आलं, ते घामात खपवलं. बाई म्हणतात, आत्ता कष्ट घेतले तर हातात पुन्हा पक्कड येईल, नाहीतर आहे तेवढ्यावरच भागवावं लागेल.

तुमच्या बहिणीच्या ताब्यातला,
मी

ता. क. (स्वहस्ते, आणि तोही उजवा. ओळ उताराला लागलीय, सांभाळून वाचा.) मी सुधारेन तसं यंत्र मदत कमी करतं. तुमची बहीण करत नाही. घास भरवते, बटणं लावते, शिंक यायच्या आत रुमाल धरते. आणि तिची मोटार कधी कण्हतच नाही, मग मला कळावं कसं? पंधरा दिवस माहेरी बोलवा. कारण काहीही सांगा, फक्त माझं नाव नको.

ता. क. दुसरा. दादा, हे वरचं लिहिताना कागद सरकत होता, तो मीच धरला होता. डोळे मिटून घे, असं हे म्हणाले, मी मिटले नाहीत. शनिवारी येते. आज शर्टाचं एक बटण त्यांनी स्वतः लावलं, चुकीच्या काजात. मी पाहिलं, आणि हूं की चूं केलं नाही.