फोटो लहान करण्याचे चौदा निकष

तीर्थरूप आत्या यांना,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहिण्यापुरता नाही. परवा टेबलाखाली गेलेला स्क्रू शोधताना मी खरोखरच आठही अंगांनी जमिनीला टेकले होते. तो तुमच्या नावावर धरावा.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना, हे नक्की कळवा; नुसतं ‘दुखतो’ म्हटल्याने काहीच समजत नाही. इकडे तिघंही बरे आहेत. आई बरी आहे, कॉम्प्युटर आता बरा आहे आणि बाबा तुमच्यावर अजून रुसलेले आहेत, पण जेवण व्यवस्थित.

तुम्ही फोनवर आईला विचारलंत, की पोरगी आठ दिवसांची रजा टाकून घरी काय करते आहे. आई म्हणाली, ‘फोटो लहान करतेय.’ त्यावर तुम्ही ‘बरं’ म्हणून फोन ठेवलात. त्या ‘बरं’चा सूर आईने मला तीनदा करून दाखवला, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी एक गोष्ट, जी तुम्हाला सांगू नये असं आईबाबा दोघांनीही मला वेगवेगळं बजावलं आहे. चार महिन्यांपूर्वी तुम्ही तुमचं ठोक्यांचं घड्याळ तेल घालायला दुकानात आणलंत, बाबांना चिमटा धरताना पाहिलंत आणि म्हणालात, ‘हात थरथरतोय तुझा, दुकान बंद कर आता.’ (निरीक्षण बरोबर होतं. पण समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती.) मग त्यांनी काही म्हटलं, तुम्ही काही म्हटलंत, आणि या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही असं सांगून तुम्ही गेलात. घड्याळ राहिलं. बाबांनी आईला सांगून टाकलं, की ताईचं घड्याळ पूर्ण खोलून पुन्हा जसंच्या तसं जुळवेन. जमलं तर दुकान चालू, नाही जमलं तर कुलूप. म्हणजे चाळीस वर्षांचं दुकान सध्या तुमच्या एका घड्याळावर उभं आहे. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आता कॉम्प्युटर. बाबा कुठलंही घड्याळ खोलताना पायरीपायरीला फोटो काढतात. कॅमेरा मी पहिल्या पगारात दिलेला, पद्धतही मीच घालून दिलेली: एक भाग निघाला की एक फोटो. चार वर्षांत तेवीस हजार चारशे सोळा फोटो झाले, एकेक आठ एमबीचा, आणि डिस्क भरली. कॉम्प्युटरने नवीन फोटो घ्यायला नकार दिला. मी कामावर होते तिथे बाबांचा फोन आला, की हे यंत्र पोट भरलंय म्हणतंय. मी रजा टाकली. फोटो दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर निवडणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी ते नीट करायचं ठरवलं, म्हणून आठ दिवस लागले.

मी चौदा निकषांचा तक्ता केला. घरच्यांची मतं घ्यावीत म्हणून दोन ओळी रिकाम्या सोडल्या, ही पहिली चूक. बाबांची अट: बटण मोठं हवं आणि एकच हवं. आईची अट: उघडल्यावर बोलायचं नाही. (मागे कुठल्याशा प्रोग्रॅमने तिला मोठ्याने सुप्रभात म्हटलं होतं, तेव्हापासून ती कॉम्प्युटरच्या खोलीत दार वाजवून जाते.) दादाने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मोठी डिस्क का नाही घेत?’ मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तीन प्रोग्रॅम शेवटच्या फेरीत आले. पहिल्याने फोटो लहान करण्याआधी माझी जन्मतारीख, व्यवसाय आणि आवडता रंग विचारला. मी खोटी माहिती भरली, तरी त्याने फोटोच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव छापलं. तिसरा कुणा एका माणसाने एकट्याने लिहिलेला, नऊ वर्षांत हात न लावलेला, बटण एकही नाही, सगळ्या आज्ञा टाइप करायच्या. माहितीच्या पानावर शेवटी लिहिलेलं, ‘माझ्याकडे चालतं.’ मला तो माणूस आवडला. पण बाबांच्या अटीत शून्य गुण. दुसरा दिसायला देखणा: एक मोठं हिरवं बटण आणि एक सरकपट्टी, डावीकडे ‘उत्तम’, उजवीकडे ‘लहान’.

मग चाचणी. एकाच घड्याळाचे दोन फोटो, एक मूळ, एक दाबलेला, कुठला कुठला ते न सांगता आईसमोर ठेवले. आई म्हणाली, ‘पहिल्यात टेबल पुसलेलं नाहीये.’ मी म्हटलं, दोन्हीकडे तेच टेबल आहे. ‘दुसऱ्यात धूळ दिसत नाही ना? मग तोच ठेव. आणि बाबांना सांग, टेबल पुसा.’ शेजारच्या दाताच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी भिंग लावून मूळ फोटोतल्या चक्राचे छत्तीस दाते मोजले, दाबलेल्यात पस्तीस भरले, आणि सवयीने मला विचारलं, की दुखतं का. (तरीही एवढ्या आठ दिवसांत उपयोगाचा आकडा त्यांनीच दिला.)

आता जे झालं ते. सरकपट्टी अगदी टोकाला नेली तर फोटोचं काय होतं, हे पाहणं हा माझा अकरावा निकष. त्यासाठी बिनधोक्याचा फोल्डर हवा होता. बाबा फोल्डर तारखेने लावत नाहीत, गिऱ्हाइकाच्या स्वभावाने लावतात: ‘घाईवाले’, ‘घासाघीस करणारे’, ‘चांगले’, ‘परत न येणारे’. मी तर्क केला, की जी माणसं परत येणार नाहीत त्यांचे फोटो बिघडले तर कुणाचंच नुकसान नाही. तर्कात अजूनही मला चूक सापडत नाही. मी पट्टी टोकाला नेली आणि हिरवं बटण दाबलं. ‘मूळ फोटो पुसून त्या जागी नवा ठेवा’ या चौकोनात आधीपासूनच टिक होती. मी ऑफिसात नव्या मुलांना बॅकअपवर चाळीस मिनिटं व्याख्यान देते. इथे बॅकअप नव्हता, कारण बॅकअपला जागा नव्हती, आणि जागा करण्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

फोल्डरमध्ये एकच घड्याळ होतं. तुमचं. पायरी चढणार नाही म्हणालात ना, बाबांनी लगेच तिथे नोंद केली.

एकशे बारा फोटो. प्रत्येकात एक पिवळसर डाग. काहींत दोन. त्यातला एक माझ्या मते आईचा अंगठा आहे. आणि बाहेरच्या खोलीत तेव्हा घड्याळाचे एकशे बारा भाग जुन्या चादरीवर पसरलेले, बाबा डोळ्याला भिंग लावून बसलेले, आई चादरीच्या कडेकडेने चालताना श्वास रोखणारी.

मी चार प्रकारे फोटो परत मिळवायचा प्रयत्न केला. मग पितळी चक्रं व्यासाप्रमाणे लावून गणिताने क्रम काढता येईल का ते पाहिलं. (एकवीस चक्रांपैकी सहा सारखी.) तेवढ्यात स्क्रू टेबलाखाली गेला, आणि जमिनीवर आडवी असतानाच मी बाबांना सगळं सांगून टाकलं, कारण तिथून त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

बाबा म्हणाले, ‘कुठले फोटो?’

तुम्ही काढता ते, म्हटलं. एकेक भागाचे. बघून जुळवता ते.

‘बघून कशाला जुळवू? मी काय नवशिका आहे? तू दर रविवारी विचारतेस किती काढले म्हणून, म्हणून काढतो.’

आत्या, चार वर्षांत त्यांनी त्यातला एकही फोटो उघडलेला नाही. ते मला ‘स्क्रू इकडे दे’ म्हणाले आणि तुमचं घड्याळ जुळवायला बसले. हात थरथरत होता, पण दर वेळी स्क्रू टेकायच्या क्षणी थांबायचा. हे तुम्ही पाहिलं नसावं. सकाळी नऊला बसले ते दुपारी पावणेबाराला उठले, घड्याळ भिंतीवर टांगलं आणि लंबकाला बोट लावलं. भाग एकही उरला नाही. घड्याळ चाललं. आईने आनंदाच्या भरात कॉम्प्युटरलासुद्धा फडकं मारलं. गुरुवारी मी स्वतः घड्याळ घेऊन तुमच्याकडे येते आहे. काकांना माझा नमस्कार सांगा.

तुमची भाची

ता. क. निवडलेलं सॉफ्टवेअर: कुठलंही नाही. मोठी डिस्क घेतली. दादाला हे कळता कामा नये.

ता. क. आता खरं काम. बाराचे ठोके पडले तेव्हा बाबांनी दोन्ही हातांनी पेटी धरून ठेवली होती आणि मला म्हणाले, ‘तू मोज.’ मी मोजले. तेरा होते. मी बारा सांगितले. ते म्हणाले, ‘तू मोजलेस म्हणजे प्रश्नच मिटला,’ आणि दुकानाची पाटी पुन्हा रंगवायला द्यायला निघून गेले. मोजलेला आकडा बदलून सांगण्याची ही माझी पहिलीच वेळ. बाकी अकरा तास अचूक आहेत, मी दोनदा तपासलं. तेव्हा विनंती अशी, की तुम्ही आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं असलं, तरी शुक्रवारी दुपारी बाबांना फोन करून बारा पडले एवढंच सांगावं.

ता. क. बंद केलेलं पाकीट पुन्हा उघडून लिहीत आहे. तिकीट आणायला निघाले तेव्हा बाबांनी हाक मारून निरोप दिला, तो जसाच्या तसा: ‘ताईला लिही, हल्ली तिला ऐकू कमी येतं, म्हणून बाराला एक ठोका जास्त ठेवलाय.’